शाल नको, सोबत द्या

आपल्याकडे एखाद्या मुस्लिम मुलाची किंवा मुलीची पीएचडी पूर्ण झाली की दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर फिरू लागते. वर ‘हार्दिक अभिनंदन’, मध्ये पासपोर्ट साईज फोटो, खाली नगरसेवकापासून जमातीच्या सदरापर्यंत दहा-बारा शुभेच्छुक. मग जुम्म्यानंतर शादीखान्यात सत्कार. शाल, श्रीफळ, शील्ड. भाषणात ‘इक्रा’चा दाखला येतो, मौलाना आझादांचे नाव येते, ‘कौम का नाम रौशन किया’ असे म्हटले जाते आणि बिर्याणी खाऊन मंडळी घरी जातात.

मला या सत्काराची चीड नाही. चीड आहे ती त्याआधीच्या पाच-सहा वर्षांची. हीच मुलगी जेव्हा फेलोशिपच्या हप्त्यासाठी कार्यालयाचे उंबरे झिजवत होती, लायब्ररीच्या पायऱ्यांवर डबा खात होती, गाईडच्या केबिनबाहेर तीन-तीन तास उभी राहत होती, तेव्हा या पोस्टरवरचा एकही शुभेच्छुक तिला विचारायला गेला नव्हता. पीएचडी झालेल्याभोवती गर्दी असते, करणाऱ्याजवळ कोणी नसते. याला मी नुसते दुर्लक्ष म्हणणार नाही. कोण संशोधक होणार आणि कोण मधेच गळणार, हे याच काळात ठरते. त्यामुळे जो समाज आणि जे सरकार या काळात पाठ फिरवते, त्याला नंतर हार घालण्याचा हक्क उरत नाही.

संशोधन एकट्याने होत नाही

संशोधनाबद्दल आपल्या डोक्यात एक चित्र पक्के बसलेले आहे. हुशार मुलगा, टेबलावर दिवा, पुस्तकांचा ढीग, रात्रभर अभ्यास. मेहनत केली की होते! प्रत्यक्षात नव्या संशोधकाला तीन गोष्टी लागतात. पैसा, तोही वेळेवर. माहिती, तीही चूक होण्याआधी. आणि लिहिलेले वाचून ‘हे जमले नाही, पुन्हा लिही’ असे प्रेमाने सांगणारे माणूस. या तिन्ही गोष्टी ज्याच्याभोवती असतात, तो तरतो. मी याला आधाराचे जाळे म्हणते.

काही घरांत हे जाळे जन्मापासून विणलेले असते. आत्या प्राध्यापक, मामा सिंडिकेटवर, वडिलांचे मित्र संपादक. अशा घरातल्या मुलाला कोणता विषय घ्यावा, कोणता गाईड टाळावा, कोणते नियतकालिक खरे आणि कोणते पैसे घेऊन छापणारे, हे जेवताना कळते. त्याला कोणी ‘सवलत’ म्हणत नाही. त्याचे नाव ‘गुणवत्ता’. ज्या घरात पीएचडी म्हणजे सुई टोचणारा डॉक्टर की दुसरा, इथून सुरुवात असते, त्या घरातली मुलगी हेच सगळे चार वर्षे ठेचा खात शिकते. मग दोघांचे प्रबंध एकाच टेबलावर येतात आणि परीक्षक म्हणतात, पहिल्याची ‘मांडणी सफाईदार’ आहे. असणारच! ती सफाई कुठून आली हे कोणी विचारत नाही.

ज्यांना हे पटत नाही, त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेकडे एकदा नीट पाहावे. त्यांच्या प्रतिभेबद्दल कोणाला शंका नाही. पण १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि १९१७ मध्ये मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धवट टाकून परत आले. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा मिळेना. पारशी उतारगृहातून त्यांना हाकलून देण्यात आले. हा माणूस तेव्हा आजच्या भाषेत ‘अर्ली करिअर रिसर्चर’ होता. फेलोशिप संपलेला, संशोधन अपुरे आणि डोक्यावर छप्पर नसलेला.

ते पुन्हा लंडनला कसे पोहोचले? प्रा. एडविन कॅनन यांच्यामुळे लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले. १९२० मध्ये ते लंडनला गेले आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. शिष्यवृत्ती, समजून घेणारा प्राध्यापक, मुदतवाढ, राजाश्रय आणि मित्राचे कर्ज असे पाच धागे त्यात होते. ज्या माणसाच्या जिद्दीची उदाहरणे आपण मुलांना देतो, त्यालाही पाच धागे लागले. मग सोलापूर, परभणी, मालेगावच्या मुलीला तुम्ही नुसत्या जिद्दीवर सोडून कसे देता?

सरकार काय दिवे लावते आहे?

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ‘सारथी’च्या फेलोशिपची संख्या २०० वर आणल्याचा प्रश्न विधान परिषदेत आला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी उलट विचारले की, ही मुले पीएचडी करून काय दिवे लावणार आहेत? टीका झाली, त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. पण वाक्य मागे घेतले म्हणून धोरण मागे गेले नाही. संशोधक म्हणजे तिजोरीवरचा भार, ही समजूत आजही मंत्रालयापासून तहसीलपर्यंत आहे.

त्याच महिन्यात बार्टी, सारथी आणि महाज्योतीच्या फेलोशिपसाठी एकत्र चाळणी परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेट परीक्षेचीच असल्याचे विद्यार्थ्यांनी उघड केले. म्हणजे ज्यांच्याकडून ‘मौलिक संशोधन’ हवे, त्यांना निवडण्यासाठी सरकारला एक नवी प्रश्नपत्रिकाही काढता आली नाही. मग आझाद मैदानावर उपोषणे, पुण्यात धरणे. संशोधनाची उमेदीची वर्षे तंबूत गेली.

मुस्लिम संशोधकांची कहाणी आणखी वेगळी. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला आणि त्यानंतर २००९ मध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली. मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि पुढे जैन अशा अल्पसंख्याक समाजांतल्या पीएचडी करणाऱ्यांसाठी ती होती. ८ डिसेंबर २०२२ रोजी तेव्हाच्या अल्पसंख्याक मंत्री स्मृती इराणी यांनी लोकसभेत सांगितले की ही फेलोशिप बंद करण्यात येत आहे, कारण ती इतर योजनांशी ‘ओव्हरलॅप’ होते. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याज भरणारी ‘पढो परदेश’ योजनाही त्याच सुमारास गुंडाळली गेली.

हे ‘ओव्हरलॅप’चे कारण फसवे आहे. कोणालाही एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत. नियमातच ते नाही. दलित, आदिवासी, ओबीसी यांच्या योजनांत बहुसंख्य मुस्लिमांना जागा नाही, कारण अनुसूचित जातीच्या यादीत मुस्लिमांना घेतच नाहीत. ओबीसीत काही बिरादऱ्या येतात, सगळ्या नाहीत. जेआरएफ सगळ्यांना खुली आहे हे खरे, पण मग ती सगळ्यांनाच खुली होती, तरी बाकीच्या योजना का काढाव्या लागल्या? आणि ज्यांची निवड बंदीच्या आधी झाली होती, त्यांचे तरी हप्ते वेळेवर मिळावेत! २०२५ मध्येही अनेक महिन्यांचे पैसे थकल्याच्या तक्रारी संशोधक करत होते.

आता आकडे पाहा. २०११ च्या जनगणनेत देशात मुस्लिम १४.२ टक्के. उच्च शिक्षणाच्या २०२०-२१ च्या सरकारी सर्वेक्षणात विद्यार्थ्यांमध्ये मुस्लिम ४.६ टक्के आणि शिक्षकांमध्ये ५.६ टक्के. त्याच वर्षी मुस्लिम विद्यार्थ्यांची संख्या आदल्या वर्षापेक्षा सुमारे १ लाख ७९ हजारांनी घटली होती. २०२२ च्या हिवाळ्यात संशोधनाच्या टोकाची फेलोशिप काढून घेतली गेली. गळती लागलेल्या छपराची दुरुस्ती करायची सोडून कौलेच काढून नेल्यासारखे हे झाले.

फेलोशिप थकणे म्हणजे काय, हे पगारदार माणसाला कळत नाही. त्याला वाटते, पैसे उशिरा आले, पण आले ना! हैदराबाद केंद्रीय विद्यापीठाच्या रोहित वेमुलाने १७ जानेवारी २०१६ ला जीव दिला तेव्हा त्याची सात महिन्यांची फेलोशिप, १ लाख ७५ हजार रुपये, येणे बाकी होते. त्या मृत्यूची कारणे अनेक होती आणि ती सगळी त्या थकबाकीत बसत नाहीत. पण बँकेत पैसे नसलेला संशोधक अपमानाला उत्तर देण्याआधी भाड्याचा विचार करतो, हे त्या आकड्यात स्पष्ट दिसते.

माझ्या विभागात काय पाहिले

मी सोलापूरची. अब्बा यंत्रमागावर कामाला होते. घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. दुसऱ्या शहरातल्या एका विद्यापीठात मी पीएचडीला नोंदणी केली आणि पहिली दोन वर्षे संशोधनापेक्षा कागद जास्त गोळा केले. हजेरीचा दाखला, घरभाड्याचा दाखला, सहामाही प्रगती अहवाल, त्यावर गाईडची सही, विभागप्रमुखांची सही, विद्यापीठाचा शिक्का. एक सही राहिली की हप्ता पुढच्या तिमाहीत. शिष्यवृत्ती देणाऱ्या कार्यालयात फोन लावला की उत्तर ठरलेले असे, “वरून आले नाही.” हे ‘वर’ कुठे आहे, हे मला आजपर्यंत कळलेले नाही. सलग आठ महिने पैसे आले नाहीत तेव्हा मी दोन शिकवण्या आणि एका प्रकाशकाकडे मुद्रितशोधन करून खोलीचे भाडे भरले. त्या आठ महिन्यांत एक ओळ लिहिली नाही. प्रगती अहवालात मात्र ‘समाधानकारक’ असा शेरा मिळाला, कारण तो वाचतो कोण?

त्या काळात मला तारले ते कोणत्याही समितीने किंवा कक्षाने नाही. नांदेडकडची एक सीनियर होती, आम्ही सगळ्या तिला आपा म्हणायचो. दर रविवारी ती माझे प्रकरण पेन्सिल घेऊन वाचायची. एकदा अख्ख्या पानावर रेघ मारून म्हणाली, “हे तुझं वाक्य नाही गं, हे पुस्तकाचं वाक्य आहे. तू काय बघितलंस ते लिही ना.” संशोधन म्हणजे काय, हे मला त्या वाक्याने कळले. कोणता फॉर्म कोणत्या खिडकीत, कोणता क्लार्क दुपारच्या चहानंतर बोलतो, कोणत्या परिषदेत गेलेच पाहिजे आणि कोणती फक्त प्रमाणपत्र विकते, हे तिनेच सांगितले. तिला कोणी ‘मेंटॉर’ नेमले नव्हते. त्याचा तिला एक पैसा मिळाला नाही. उलट तिचा स्वतःचा प्रबंध वर्षभर लांबला.

आपा मिळाली हा नशिबाचा भाग. माझी बीड जिल्ह्यातली एक मैत्रीण होती, तिला अशी कोणी मिळाली नाही. तिचा विषय गावोगावच्या दर्ग्यांच्या इनाम जमिनी. मोडी, उर्दू, फारसी अशा तीन लिप्या-भाषांतले कागद. तिला मोडी शिकवायला कोणी नव्हते, फारसी वाचून द्यायला कोणी नव्हते. तिसऱ्या वर्षी गाईड निवृत्त झाले, नवा गाईड म्हणाला, विषय बदला. फेलोशिप तोवर थकलेली. घरून रोज एकच फोन, “अजून किती वर्षं?” चौथ्या वर्षी ती गेली. आता एका इंग्रजी शाळेत पाचवीला शिकवते. तिने जमवलेल्या कागदांच्या झेरॉक्स अजून माझ्याकडे दोन पिशव्यांत आहेत. वक्फ जमिनींवर आज सगळा देश तावातावाने बोलतो आहे आणि त्यावर कागद वाचून बोलू शकली असती अशी एक मुलगी पाढे घेत बसली आहे. हे नुकसान कोणाच्या खात्यावर मांडायचे?

मुलींचा हिशेब तर आणखी कडक. मुलगा पाच वर्षे पीएचडी करतो तेव्हा तो ‘शिकतोय’. मुलगी करते तेव्हा तिचे ‘वय निघून चाललेय’. क्षेत्रकार्याला गावोगाव एकटीने फिरायचे तर घरी उत्तर द्यायचे, गावात उत्तर द्यायचे आणि नाव सांगितल्यावर खोली द्यायला नकार देणाऱ्या घरमालकालाही उत्तर द्यायचे. पुण्या-मुंबईत ‘शेख’ आडनावावर खोली मिळवणे हे स्वतंत्र क्षेत्रकार्य आहे. त्यासाठी कोणत्याही अर्जात रकाना नाही.

कक्ष आहेत, माणसे नाहीत

विद्यापीठे म्हणतील, आमच्याकडे तक्रार निवारण कक्ष आहे, समान संधी कक्ष आहे, समुपदेशन कक्ष आहे. असतीलही. दारावर पाटी असते. पण गाईडविरुद्ध तक्रार घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्याला ठाऊक असते की, समितीतले सर आणि त्याचे सर एकमेकांच्या विद्यार्थ्यांच्या व्हायवाला जातात. आपल्याकडे एका माणसाच्या सहीवर संशोधकाची फेलोशिप, प्रगती, प्रबंध आणि पुढची शिफारस एवढे सगळे अवलंबून असते. हा माणूस भला निघाला तर नशीब. वाईट निघाला तर त्याच्या मुलांना शाळेतून आणा, त्याचे पेपर लिहून द्या आणि गप्प बसा.

माहितीचा दुष्काळ किती महाग पडतो तेही पाहा. पीएचडी सादर करायला संशोधन-लेख छापणे सक्तीचे होते, तेव्हा पैसे घेऊन आठ दिवसांत लेख छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. २०१८ मध्ये यूजीसीने आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली. त्यांत लेख छापलेल्यांमध्ये गल्लीतून वर आलेली, कोणी न सांगितलेली मुले किती असतील? ज्यांच्या घरात आत्या प्राध्यापक होती, ती या खड्ड्यात फारशी पडली नसणार.

मग मराठीतल्या विषयवार परिषदा काय करतात? राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, प्रत्येकाची परिषद आहे, वार्षिक अधिवेशन आहे. मोठ्या लोकांनी त्या कष्टाने उभ्या केल्या. पण आजच्या अधिवेशनांत उद्घाटन, सत्कार आणि जेवण यांतून उरलेल्या वेळात नव्या संशोधकाला पाच मिनिटे मिळतात. सहाव्या मिनिटाला घंटा. त्याच्या निबंधावर बोलायला समोर कोणी नसते, कारण सगळे प्रमाणपत्राच्या रांगेत.

हे वेगळ्या पद्धतीने करता येते. जीवशास्त्रात ‘इंडिया बायोसायन्स’ २००९ पासून तरुण संशोधकांच्या बैठका घेते. नवी प्रयोगशाळा काढणारे, नोकरीच्या शोधात असलेले आणि अनुभवी शास्त्रज्ञ तिथे काही दिवस एकत्र राहतात, बोलतात. नोकरी कशी शोधायची, अनुदानाचा अर्ज कसा लिहायचा, विद्यार्थ्यांना कसे सांभाळायचे, याची तिथे चर्चा होते. विज्ञानातल्या तरुणांसाठी २०१४ मध्ये राष्ट्रीय तरुण विज्ञान अकादमी उभी राहिली. २०१९ च्या सुरुवातीला जेआरएफ २५ हजारांवरून ३१ हजार झाली ती देशभरचे संशोधक महिनोन्महिने एकत्र राहून लढले म्हणून. पुढे २०२३ पासून ती ३७ हजार झाली. एकत्र आल्यावर काय होते याचा हा पुरावा. मराठीत समाजशास्त्र, इतिहास, साहित्य यांवर काम करणाऱ्यांनी मात्र आपापला डबा आपापल्या पायरीवर खायचा, हे कोणी ठरवले?

आता कौमला दोन शब्द

सरकारला शिव्या देणे सोपे आहे आणि त्या द्यायलाच हव्यात. पण मौलाना आझाद फेलोशिप बंद झाली तेव्हा महाराष्ट्रातल्या किती मुस्लिम शिक्षण संस्थांनी साधा ठराव केला? किती ट्रस्टनी म्हटले की, चला, मधल्या काळात आमच्या जिल्ह्यातल्या दहा संशोधकांना आम्ही सांभाळतो?

आपल्या ट्रस्टची शिष्यवृत्ती दहावीला सुरू होते आणि बारावीनंतर नीटपाशी संपते. डॉक्टर, इंजिनिअर, आता यूपीएससी. त्यापुढे कोणाला काही दिसत नाही. इतिहासावर प्रबंध लिहिणाऱ्या मुलाला सदर साहेब विचारतात, “इससे नोकरी लगती क्या?” आणि मग तेच साहेब टीव्हीवर कोणी आपल्या इतिहासाबद्दल वाटेल ते बोलले की तक्रार करतात, आपली बाजू मांडणारा अभ्यासक नाही! येणार कुठून? तुम्ही पेरला होता का?

हे आपल्या परंपरेला धरूनही नाही. बीदरला महमूद गावानचा मदरसा आजही उभा आहे. १४७२ च्या सुमारास त्याने तो बांधला. त्यात फक्त वर्ग नव्हते. उस्ताद आणि तालिबे-इल्म यांच्या राहण्या-खाण्याची सोय होती, मोठे ग्रंथालय होते. इल्म हवा तर माणसाचे पोट आणि छप्पर आधी सांभाळावे लागते, हे बहामनींच्या वजिराला कळत होते. आपल्याला साडेपाचशे वर्षांनी कळत नाही. जवळचे उदाहरण हवे तर कोल्हापूरला जा. शाहू महाराजांनी जातीजातींची वसतिगृहे काढायला मदत केली आणि १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंगही उभे राहिले. शिका म्हणून भाषण करून महाराज थांबले नाहीत, मुलगा शहरात आला तर झोपेल कुठे आणि जेवेल काय हे त्यांनी पाहिले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतमधून तेच केले. आज शाळेचा प्रश्न बराच सुटला आहे आणि पहिल्या पिढीची मुले पीएचडीच्या दारात आली आहेत. आजचे बोर्डिंग या दारात हवे.

आमच्या सोलापुरातच १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या माणसांनी नोकरी सांभाळून, पदरमोड करून मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिमांना एकत्र आणले. बेन्नूर सर २०१८ मध्ये गेले. त्यांच्या पिढीने हाताने विणलेले जाळे आपण पुढे किती वाढवले? स्मृतिदिनाला व्याख्यान ठेवतो, फोटोला हार घालतो. पुन्हा तेच, शाल!

‘वेगळा गट कशाला?’ असे विचारणाऱ्यांना

काही पुरोगामी मित्र म्हणतील, मुस्लिम संशोधकांचे वेगळे जाळे म्हणजे पुन्हा कप्पे. मी म्हणते, आधी बसायला जागा करू, मग भिंती मोजू. बार्टीचे विद्यार्थी रस्त्यावर होते तेव्हा त्यांची आणि आमची मागणी एकच होती. नोंदणीच्या तारखेपासून, दरमहा, पूर्ण फेलोशिप. दलित, ओबीसी, आदिवासी, मराठा, मुस्लिम संशोधकांची दुखणी ऐंशी टक्के सारखी आहेत. उरलेली वीस टक्के, भाडे नाकारणारा घरमालक, लिपी, घरचा दबाव, ही प्रत्येकाची वेगळी. जाळे असे हवे की ऐंशीसाठी सगळे एकत्र आणि वीससाठी प्रत्येकाच्या मागे कोणी तरी उभे.

दुसरे म्हणतील, नोकऱ्याच नाहीत, मग पीएचडी कशाला? प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवायच्या, तासिका तत्त्वावर तासाच्या हिशेबाने माणसे राबवायची, कायम जागेसाठी संस्थाचालकाच्या हातात लाखो ठेवायचे आणि मग संशोधकालाच विचारायचे, तू का शिकतोस? विहिरीवर झाकण घालून तहानलेल्याला दोष देण्याचा हा प्रकार आहे. जागा भरा ही मागणी आणि संशोधकाला सांभाळा ही मागणी एकमेकींच्या विरोधात नाहीत.

मग करायचे काय?

सरकारकडे मागणी साधी आहे. मौलाना आझाद फेलोशिप पुन्हा सुरू करा, थकलेले हप्ते द्या. राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ला मान्यता दिली. ती पाटी न राहता बार्टी-सारथीच्या दराने, ठरलेल्या संख्येने, ठरलेल्या तारखेला फेलोशिप देणारी संस्था झाली पाहिजे. प्राध्यापकाचा पगार एक तारखेला होतो तसा संशोधकाचा हप्ताही एक तारखेला झाला पाहिजे.

पण सरकार जागे होईपर्यंत थांबायचे कारण नाही. प्रत्येक जिल्ह्यात कर्ज-ए-हसनाचा एक छोटा निधी उभा करा. फेलोशिप थकली की संशोधकाला बिनव्याजी भाड्याचे पैसे, हप्ता आला की परत. एका सत्कार समारंभाच्या मंडप-बिर्याणीत एका मुलीचे काही महिन्यांचे भाडे निघते. गरजू तालिबे-इल्मला जकात देता येते का, हे आपल्या आलिमांना विचारा आणि मग द्या. पुण्यात, मुंबईत, संभाजीनगरात ज्यांची घरे आहेत, त्यांनी अभिलेखागारात आठ दिवस कागद पाहायला आलेल्या मुलीला एक खोली द्यावी. मोडी आणि फारसी येणारी जी मोजकी माणसे उरली आहेत, त्यांच्याकडे चार-चार मुले बसवा, ती माणसे आहेत तोवर. आणि ज्यांची पीएचडी झाली आहे, नोकरी लागली आहे, त्या प्रत्येकाने वर्षाला फक्त दोन नव्या संशोधकांची प्रकरणे वाचावीत. पेन्सिल घेऊन, आपासारखी. यासाठी ना रजिस्ट्रेशन लागते, ना अध्यक्ष, ना लेटरहेड. अध्यक्ष नेमला की पहिल्या महिन्यात दोन गट पडतात, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे.

संशोधकांनाही सांगते. गाईडच्या दारात एकमेकांशी स्पर्धा करू नका. फॉर्म, तारखा, चांगली-वाईट नियतकालिके, त्रास देणाऱ्यांची नावे, हे सगळे लपवून ठेवण्यात शहाणपण नाही. जे तुम्हाला तीन वर्षांनी कळले ते ज्युनियरला तीन दिवसांत कळू द्या. गप्प राहून कोणाचा प्रबंध लवकर झालेला मी पाहिलेला नाही.

पुढच्या वेळी तुमच्या मोहल्ल्यात सत्काराचे पोस्टर छापायला जाल तेव्हा त्याच मोहल्ल्यात आत्ता पीएचडी करणारे कोण आहे, एवढे विचारा. नाव कळले तर तिच्याकडे जा आणि या महिन्याचा हप्ता आला का, ते विचारा. नाही म्हणाली, तर पोस्टरचे पैसे तिला द्या.